हिंगातला गहू

वयाच्या बासष्टाव्या वर्षी मला एका नव्या वाचनाचा नाद लागला. तोवर जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे पोरांना वाचायला शिकवले होते, निवृत्तीनंतर वाचनालयातल्या कादंबऱ्या संपवल्या होत्या, आणि दिवाळीत दिवाळी अंक तर असतातच. पण बिस्किटाच्या पुड्याची पाठ, मसाल्याच्या डबीचे बूड आणि पापडाच्या पाकिटाची शिवण हीसुद्धा वाचनाची ठिकाणे आहेत, याची मला कल्पना नव्हती. पुड्याच्या तोंडावर हसरे बाळ असते, सोनेरी ओंब्या असतात, 'आजीच्या हातची चव' असते. खरी हकिकत पाठीवर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असते. ती वाचता यावी म्हणून मी एक भिंग विकत घेतले. किराणा दुकानात चष्मा कपाळावर चढवून, भिंग डोळ्याला लावून एक म्हातारी शेवेचे पाकीट उलटेसुलटे करीत उभी आहे, हे दृश्य आमच्या गावाला नवीन होते. दुकानदार पहिल्यांदा म्हणाला, "बाई, तारीख पाहायल्या का? माल ताजा हाय."

"तारीख नाही रे, गहू पाहते आहे."

"गहू त्या पोत्यात हाय की!"

त्याचे काही चुकले नाही. गहू पोत्यात असतो अशीच माझीही आयुष्यभर समजूत होती.

आमचे गाव आखाडा बाळापूर. बाळापूर म्हटले की पुण्यामुंबईचे लोक 'अकोल्याजवळचे का?' म्हणून विचारतात. ते निराळे. आमचे हे हिंगोली जिल्ह्यातले, कळमनुरी तालुक्यातले. हिंगोलीहून नांदेडला निघालात की वाटेत लागते. हळदीचा, ज्वारीचा हा मुलूख. मी लहान होते तेव्हा आमच्या घरात पोळी व्हायची ती सणाला, नाहीतर जावई आला तर. एरवी दोन्ही वेळा भाकरी. पोळी खाणारे घर म्हणजे सुखवस्तू घर. पुढे पगार आला, रेशनचा गहू आला, मुलाच्या डब्याला पोळी सोयीची वाटू लागली, आणि भाकरी हळूहळू संध्याकाळची झाली. आपण एक पायरी वर चढलो असेच तेव्हा सर्वांना वाटले. अशा या घरात 2018 साली सून आली, आणि तीन वर्षांनी कळले की तिला गव्हाचा कणही चालत नाही.

ती आली तेव्हाच अंगाने काडी. त्यात विशेष काही वाटले नाही. नव्या सुना सगळ्या काडीच असतात, आणि सासवांना त्या तशा दिसल्या नाहीत तर सासवा कसल्या! पण ती दोन जिने चढली की धापा टाकायची, केस मुठीने गळायचे, जेवले की पोट फुगायचे. हिमोग्लोबिन सातच्या वर सरकेना. लोहाच्या गोळ्या दोन वर्षे चालल्या. गोळ्यांनी तोंडाची चव गेली, रक्त काही वाढले नाही. 2020 साली चौथ्या महिन्यात तिचे पोट पडले. त्यानंतर गल्लीतल्या बायका माझ्याजवळ येऊन जे जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. त्यांच्या मनात वाईट नव्हते, एवढेच म्हणते. तरी ते तिच्या कानावर गेले.

2021 च्या हिवाळ्यात नांदेडला एका डॉक्टरांनी तिला सगळे सोडून एकच प्रश्न विचारला: "जेवणात काय असतं?" मग रक्ताची एक तपासणी झाली, ती होकारार्थी आली. मग दुर्बीण टाकून लहान आतड्याचा बारीकसा तुकडा काढून पाहिला. विकाराचे नाव निघाले सिलियाक. आतड्याला आतून मखमलीसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात; अन्नातले सत्त्व तेच शोषून घेतात. या विकारात शरीर गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढताना स्वतःचेच आतडे झिजवते. उंचवटे झिजून सपाट झाले की लोहाच्या गोळ्या खा नाहीतर लोखंडाचा पाट खा, अंगी लागत नाही. औषध नाही. उपाय एकच: गहू, जव म्हणजे आपला सातू, आणि राय ही तीन धान्ये जन्मभर बंद. मग आतडे आपले आपण भरून येते.

ग्लूटेन म्हणजे काय, ते बायकांना सांगायला नको. कणकेचा गोळा नळाखाली धुवत राहिले की पांढरे पाणी निघून जाते आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो, तेच ते. त्याच्यामुळेच पोळी लाटता येते. ज्वारीत ते नाही म्हणून भाकरी थापावी लागते. एवढ्या वर्षांत लाटणे आणि थापणे यांतला फरक आपल्या आतड्यापर्यंत जातो, हे मला कुणी सांगितले नव्हते.

हा विकार काही आजचा नाही. लंडनच्या सॅम्युएल गी नावाच्या डॉक्टरांनी 1888 मध्ये त्याचे नीट वर्णन केले आणि बरे व्हायचे असेल तर आहारानेच, असेही म्हटले. पण आहारात नेमके काय, हे पक्के व्हायला पुढची साठ वर्षे गेली. ते केले विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. पोळीपावावर त्याचा संशय आधीपासूनच होता. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भयंकर दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले. सगळा देश खंगत असताना या विकाराची मुले मात्र सुधारली. आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. 1950 साली त्याने यावर प्रबंध लिहिला. देशभर उपासमार चालू असताना चार मुलांच्या गालांवर रक्त चढते आहे, हे पाहणाऱ्या त्या माणसाच्या मनात काय आले असेल, असा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो.

आपल्याकडे हा विकार गव्हाच्या मुलुखात, म्हणजे उत्तरेत जास्त. दिल्लीच्या परिसरात झालेली एक पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली, तीत साधारण शंभरात एकाला तो आढळला. पुढच्या एका मोठ्या पाहणीत दक्षिणेत तो हजारात एकाच्या घरात निघाला. गंमत अशी की विकाराला लागणारी जनुके दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात सापडली. फरक होता तो ताटातल्या गव्हाचा. माझे अनुमान विचाराल तर आमच्या मराठवाड्यात हा विकार भाकरीखाली झाकून राहिला होता. सुनेच्या आईचीही तपासणी करायला डॉक्टरांनी सांगितले. तीही होकारार्थी निघाली. जन्मभर 'नाजूक प्रकृतीची' म्हणवून घेतलेली बाई, बावन्नाव्या वर्षी तिला कारण कळले. त्यावर ती काही बोलली नाही; फक्त आपल्या आईचे नाव घेऊन म्हणाली, "तिचंही असंच होतं."

बरे, पोळी बंद करणे सोपे. पोळी, पुरी, शिरा, शेवया, कुरडई, लापशी, पाव, बिस्किट ही उघड शत्रूची माणसे. कुणी मध्येच सल्ला देतो, "खपली गहू चालतो म्हणे." चालत नाही, खपली झाला तरी तो गहूच. खरी अडचण आहे ती वेष पालटून आलेल्या गव्हाची. सुनेने आणि मी कामाची वाटणी करून घेतली. ज्याला लेबल आहे ते तिच्याकडे, ज्याला नाही ते माझ्याकडे.

तिचे काम अवघड खरे, पण त्याला कायद्याचा आधार आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक नियमांप्रमाणे पुड्यात ग्लूटेनची धान्ये, दूध, अंडी, शेंगदाणे, सोयाबीन अशांपैकी काही असेल तर ते निराळे सांगावे लागते. घटकांच्या यादीत जे वजनाने जास्त ते आधी, असा क्रम असतो. आणि यादीच्या खाली जाड अक्षरांत 'कंटेन्स व्हीट' असे आले की पुडा मुकाट्याने फळीवर परत. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असले की कायद्याचे समाधान होते, मराठी पाहिजेच असे नाही. त्यामुळे आखाडा बाळापूरच्या बाजारातला निम्मा माल आमच्या गावाशी परक्या भाषेत बोलतो. सुनेचे इंग्रजी चांगले, ती एका खाजगी शाळेत शिकवते. तरी पहिले काही महिने आम्ही दोघी संध्याकाळी वही घेऊन बसायचो. 'माल्ट' म्हणजे मोड आणून भाजलेला जव; म्हणून ताकदीसाठी मुलांना दुधातून देतात त्या भुकट्या बाद. 'सोया सॉस' नावाने सोयाबीनचा, पण तो करताना बहुधा गहूही घालतात. 'एडिबल स्टार्च' म्हणजे खाण्याचे सत्त्व; ते मक्याचे, बटाट्याचे की गव्हाचे, हे लिहिलेले असेल तर नशीब. 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' हा शब्द माझ्या जिभेवर अजून बसत नाही. तो वेफर्सच्या मसाल्यात दडतो. औषधाच्या गोळ्यांतही पीठ असते. ते बहुतेक मक्याचेच, पण विचारलेले बरे.

काही पुड्यांवर 'गव्हाचा अंश असू शकेल' असे लिहिलेले असते. हे वाक्य मला हवामानाच्या अंदाजासारखे वाटते: पाऊस पडेल, किंवा पडणारही नाही, छत्री ज्याची त्याने ठरवावी. सून अशा पुड्याला हात लावत नाही. आणि ज्यावर 'ग्लूटेन फ्री' असे लिहायचे, त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये, असा नियम आहे. हा आकडा मी घरी मास्तरणीच्या सवयीने सोडवून पाहिला. किलोभर ज्वारीच्या पिठात चिमूटभरही कणीक सांडली तर हिशेब चुकला. शहरांत हल्ली ज्यांना काही झालेले नाही असे लोकही हौसेने हे पुडे आणतात. त्यामुळे जिन्नस मिळू लागले हे खरे, पण सुनेचा आजार लोकांना नखरा वाटू लागला हेही खरे. बाकी किमती पाहिल्या की आमच्यासारख्यांना भाकरीच बरी वाटते.

आता माझे काम. ज्याला लेबल नाही ते. आणि मराठी स्वयंपाकघरात लेबल कशाला असते?

सुरुवात हिंगापासून झाली. पोळी बंद होऊन दोन महिने झाले तरी सुनेचे पोट फुगायचे राहीना. घरात गव्हाचे नाव नव्हते. शेवटी तिने फोडणीच्या डब्यातली एकेक वस्तू काढून माझ्यासमोर ठेवली आणि हिंगाची डबी भिंगाखाली धरली. यादी तीन नावांची: डिंक, मैदा, हिंग. आणि क्रम वजनाचा! म्हणजे डबीवर नाव हिंगाचे आणि आत बिऱ्हाड मैद्याचे. यात लबाडी काही नाही. हिंग हा इराण-अफगाणिस्तानातल्या एका झाडाच्या मुळातला चीक. नुसता इतका उग्र असतो की फोडणीत घालवत नाही, म्हणून तो डिंकात आणि पिठात बांधतात. कायद्यालाही ते मान्य आहे. पिढ्यान् पिढ्या आपण असाच हिंग खात आलो. आपल्याकडे हिंगाची लागवडच नव्हती. 2020 साली हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात ती पहिल्यांदा करून पाहिली. पण हे सारे मला नंतर कळले. त्या दिवशी एवढेच कळले की वरणात, आमटीत, ताकात, लोणच्यात, चकलीत, चिवड्यात, जिथे जिथे फोडणी तिथे तिथे गहू. आणि मराठी घरात फोडणी कुठे नसते? आता आम्ही तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग आणतो, तोही डबी वाचून. तो मिळाला नाही तर लसणावर भागते.

हिंगाने मला सावध केले. मी आमच्या घरातल्या साऱ्या जुन्या जिन्नसांची उलटतपासणी घेतली. मेतकुटात भाजलेला गहू. येसरात गहू, मराठवाड्यात लग्नाचे जेवण येसराच्या आमटीवाचून होत नाही, ते गेले. माझ्या धपाट्यात ज्वारीच्या पिठाबरोबर मूठभर कणीक असायची, नाहीतर थापताना चिरा पडतात. थालीपिठाच्या भाजणीत गहू. सातूच्या पिठाबद्दल बोलायलाच नको. उलट एकादशीच्या फळीवरचे सगळे पास झाले: साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा. आमच्याकडे एकादशी दुप्पट खाण्याचा दिवस असतोच. सुनेला तो निर्धास्त खाण्याचा दिवस झाला.

मग गिरणी. आमच्या गल्लीतल्या गिरणीत पोती रांगेने असतात, आधी कुणाचा गहू, मग आमची ज्वारी. दगडाच्या खाचांत आधीच्या दळणाचे पीठ राहते ते आपल्या पिठात येते. मी गिरणीवाल्याला म्हटले, पहाटे दगड साफ केल्यावर पहिले दळण माझे. तो भला माणूस, हो म्हणाला, आणि दोनतीन वेळा त्याने ते पाळलेही. पण घाई असलेले गिऱ्हाईक पहाटेही येतेच. शेवटी माळ्यावरचे सासूबाईंचे जाते खाली काढले, घासूनपुसून त्याला टाकी लावून घेतली, म्हणजे जुना थर गेला. चार महिने मी त्या जात्यावर दळले. ओव्या आठवतात का पाहिल्या. दम खायला होत होता, ओव्या कुठल्या! पुढे मुलाने घरगुती गिरणी आणली. तीत गहू पडू द्यायचा नाही, असा दंडक आहे.

पण ज्वारीतच गहू असला तर? शाळू आणि गहू दोन्ही रब्बीचे. मळणी यंत्र तेच या शेतातून त्या शेतात फिरते. ज्वारीच्या पोत्यात गव्हाचे दाणे हटकून असतात. तेव्हा सूप घेऊन निवडायला बसणे आले. हे मात्र माझ्या आवडीचे काम आहे. ज्वारी गोल, पांढरी. गहू लांबट, पोटावर चीर असलेला. तो डोळ्याआधी बोटाला कळतो. एवढ्या सगळ्या वाचनात हे एकच लेबल आहे जे मला भिंगाशिवाय वाचता येते.

घरात सुनेचा तवा निराळा, पोळपाट तर तिला नाहीच, चाळणी निराळी, तेलाचे भांडे निराळे, मिठाचा आणि तिखटाचा डबाही निराळा, कारण कणकेच्या हाताने चमचा कोण घालील सांगता येत नाही. त्यांवर तिने लाल रंगाचा ठिपका दिला आहे. महिनाभरात गावात झाले की, सासूने सुनेची भांडी वेगळी काढली. आपल्या समाजात एखाद्याचे भांडे वेगळे ठेवण्याचा इतिहास काही भूषणावह नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याने लगेच विश्वास ठेवला तर त्याला बोल कसा लावावा? माझी चुलत नणंद परभणीहून मुद्दाम समजूत घालायला आली. तिला मी लाल ठिपक्याच्या तव्यावरची भाकरी वाढली आणि सांगितले, "ही पोर विटाळाची नाही, वन्सं. सोवळ्यातली आहे ती. विटाळ आमच्या हाताला आहे." ते तिला एकदम पटले. जे वैद्यकशास्त्राच्या तीन वाक्यांनी साधले नव्हते ते सोवळ्याच्या एका शब्दाने साधले. मला तो शब्द वापरायला फारसे आवडले नाही, पण काम झाले.

सगळ्यांत अवघड आहे ते दुसऱ्याच्या घरी जाणे. हळदीकुंकवाला डिश पुढे येते आणि सून म्हणते, "मला चालत नाही." यजमानीण म्हणते, "एका घासानं काय होतंय?" हे वाक्य मराठी आतिथ्याचा मुकुट आहे आणि आमच्या घरात ते वैऱ्यासारखे झाले आहे. एका घासाने काय होते, त्याचे उत्तर आहे. दिवसाला 50 मिलिग्रॅम ग्लूटेन, म्हणजे एका पोळीचा साधारण पन्नासावा हिस्सा, तीन महिने पोटात गेला तरी आतड्याची इजा पुन्हा दिसू लागते, असे अभ्यासात आढळले आहे. त्रास होवो न होवो, आत झीज चालू असते. पण हे हळदीकुंकवात कसे सांगायचे? आग्रह करणारीच्या डोळ्यांतली माया खरी असते. नाही म्हटले तर तिचा अपमान, हो म्हटले तर आतड्याचा. सून बिचारी आधी घरून खाऊन निघायची आणि "आज उपास आहे" म्हणायची. वर्षाला इतके उपास आमच्या गावात कुणीच केले नसतील.

बाहेर जेवायचे तर प्रश्नच. आठ महिने तिने घराबाहेर घासही खाल्ला नाही. एकदा नांदेडहून परतताना वारंगा फाट्यावर गाडी थांबली. तिथली खिचडी आमच्या भागात नावाजलेली. सुनेने उतरून विचारले, तांदूळ, डाळ, आणखी काय? फोडणीत हिंग आहे का? तो म्हणाला, "हिंग नाही टाकत, ताई." भज्यांचा झारा खिचडीला लावता का? "खिचडीचा पळा वेगळा हाय." तिने आमच्या घरच्या वाटीत खिचडी घेतली आणि रस्त्याकडेला उभे राहून खाल्ली. पहिला घास घेताना तिचा हात कापला. मी दुसरीकडे पाहत होते.

आणि दिवाळी. फराळाची ताटे या घरातून त्या घरात जातात, त्यावर ना यादी, ना 'कंटेन्स', ना किलोमागे मिलिग्रॅम. पहिल्या दिवाळीला समोरच्या काकू खास सुनेसाठी अनारसे घेऊन आल्या. तांदळाचे पीठ, गूळ, खसखस, तूप. निवड अगदी बरोबर होती. मी त्यांना विचारले, "आधी कढईत काय तळलं होतं?" त्या म्हणाल्या, "शंकरपाळे." आणि मग त्यांचा चेहरा उतरला. अनारसे आम्ही खाल्ले, सुनेने नाही. विचारायला नको होते का? विचारणे भागच होते. तरी काकूंचा तो चेहरा मला दिवाळीभर दिसत राहिला.

पुढच्या दिवाळीला वसुबारसेच्याही आधी, अजून कुणाच्या घरी कढई चढलेली नव्हती तेव्हा, काकूंनी एक स्टीलचा डबा आणून दिला. झाकणाला चिकटपट्टीने चिठ्ठी लावली होती. वहीचा कागद, वर्ण मोठे, शाई निळी: "नवं तेल. पहिला घाणा. तांदूळ घरी निवडला. हिंग नाही. शंकरपाळे उद्या करणार." माझ्या तीन वर्षांच्या वाचनात एवढे पूर्ण लेबल मी पाहिलेले नाही, आणि तेही मराठीत. सुनेने चिठ्ठी दोनदा वाचली आणि झाकण उघडून उभ्या उभ्याच चार अनारसे खाल्ले. ती चिठ्ठी तिच्या कपाटात आहे. यंदाचा डबा परवा आला. चिठ्ठीत एक ओळ वाढली आहे: "खसखस पण निवडली."

दरम्यान तिचे रक्त बारावर गेले होते, केस राहिले होते, आणि 2023 मध्ये नातू झाला. इथे मला वाटत होते की, आता कसोटी संपली. या घरातून गहू कायमचा हद्दपार करावा, म्हणजे मायलेकरे दोघेही निर्धास्त. मी तसे बालरोगतज्ज्ञांना बोलूनही दाखवले. ते म्हणाले, "तसं नका करू. त्याला गहू द्या." आईबापांपैकी एकाला हा विकार असला तर मुलाला तो होण्याचा संभव दहांत एकाच्या आसपास. पण गहू लांबवला म्हणून तो टळत नाही. सहा महिन्यांनंतर इतर अन्नाबरोबर गहूही द्यायचा, वाढीकडे लक्ष ठेवायचे, आणि पुढे रक्त तपासायचे. शिवाय गहू खात असतानाच तपासणी खरी येते. आधीच सोडून दिला तर विकार असूनही दिसत नाही. घरोघरचे लोक शंका आली की आधी पोळी सोडतात आणि मग तपासायला जातात, ते याचसाठी करू नये.

म्हणून आमच्या घरात सकाळचा एक विधी आहे. सून शाळेची तयारी करीत असते तेव्हा मी नातवाला घेऊन मागच्या अंगणात जाते. तिथे त्याची ताटली निराळी, हिरव्या ठिपक्याची. शेजारच्या घरून विकत घेतलेली एक पोळी, दुधात कुस्करलेली. घरात मळत नाही. पीठ हवेत उडते आणि कुठेही बसते. खाऊन झाले की साबणाने त्याचे हात, तोंड, कोपर, कारण दुधपोळी कोपरापर्यंत जातेच, आणि नखांखालचे नीट काढायचे. मग माझे हात. मग त्याला आईकडे सोडायचे. जगात कुठल्या आजीला नातवाला आईपासून धुऊन द्यावे लागत असेल कोण जाणे.

दिवाळीनंतर त्याची पहिली तपासणी आहे. तोवर पोळी चुकवायची नाही, असा हुकूम. सून दिवस मोजते आहे, बोलत नाही. तिने पुड्याच्या पाठी वाचायची जी वही केली होती तिची एक शुद्ध प्रत परवा लिहून काढली, मोठ्या मराठी अक्षरांत, आकारविल्हे. कशाला, ते मी विचारले नाही.

काल साबणाला हात घालते तेवढ्यात तो निसटला. ओल्या पोळीचा तुकडा मुठीत धरून, "आई, घे" म्हणत दुडदुडत थेट स्वयंपाकघरात. मी ओले फडके घेऊन मागोमाग. सूनबाईने दोन्ही हात पाठीमागे नेले, गुडघ्यांवर बसली, ओठ घट्ट मिटले आणि आपले कपाळ त्याच्या कपाळाला टेकवले. मी त्याची मूठ उघडून तुकडा काढून घेतला.